‘एक मूल होऊ दे, मग दुखणे थांबेल’: एका सल्ल्याचा ऐंशीहून अधिक वर्षांचा प्रवास

१/
अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. या उपनगरांतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे आज एक प्रश्न वारंवार येतो. वय तिशीच्या पुढे. पाळीच्या वेदना शाळेपासूनच्या. लग्नाला तीन-चार वर्षे झाली, दिवस राहिलेले नाहीत. सोनोग्राफीच्या अहवालात ‘चॉकलेट सिस्ट’. आता आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घ्यायची, की आधी मुलासाठी प्रयत्न करायचे? आणि जोडीला घरातून एक वाक्य ऐकू येते: एक मूल होऊ दे, मग दुखणे आपोआप थांबेल. हे वाक्य आले कुठून आणि आज त्याचे स्थान काय, याचा हा धागा.

२/
प्रथम आजार समजून घेऊ. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते: अंडाशयावर, गर्भनलिकांभोवती, आतड्यांवर, ओटीपोटाच्या आवरणावर. दर महिन्याला तिथेही सूज येते, रक्तस्राव होतो, व्रण राहतात, अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुने रक्त साचून गाठ झाली की तिचा रंग तपकिरी दिसतो. म्हणून चॉकलेट सिस्ट. या आजाराचे नाव एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के, म्हणजे जगभरातील जवळपास १९ कोटी स्त्रिया व मुलींना तो आहे.

३/
वेदना जुनी, नाव नवे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदे वर्णिली आहेत. त्यांतल्या उदावर्तिनीचे लक्षण असे, की आर्तव कष्टाने बाहेर पडते आणि ते सुटताच स्त्रीला आराम वाटतो. हाच एंडोमेट्रिओसिस, असे म्हणणे धाडसाचे होईल. पाळीच्या वेदनेची कारणे अनेक असतात. पण ही वेदना नोंद घेण्याजोगी व उपचार करण्याजोगी आहे, एवढे त्या ग्रंथाने मान्य केले होते. पुढच्या अनेक पिढ्यांनी तेवढेही मानले नाही.

४/
आधुनिक वैद्यकात १८६० साली व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी शवविच्छेदनाच्या आधारे केलेल्या वर्णनापासून या इतिहासाची सुरुवात मानण्याचा प्रघात आहे. आजाराला आजची ओळख मात्र अमेरिकेतील ऑल्बनी येथील जॉन सॅम्पसन यांनी दिली. १९२१ मध्ये त्यांनी चॉकलेट सिस्टवर लिहिले. १९२७ मध्ये पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे ओटीपोटात जाते आणि त्यातील पेशी तिथे रुजतात, हा सिद्धांत विस्ताराने मांडला. तो आजही अभ्यासला जातो. मात्र उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांत होतो आणि आजार थोड्यांनाच. मग हे का, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही.

५/
त्याच १९२७ च्या जुलैत मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ निघू लागले. मूल व्हावे की नाही, कधी व्हावे, हे स्त्रीने ठरवावे, असे मराठीत उघडपणे छापणारे ते मासिक. कर्व्यांचा लढा नको असलेल्या गर्भधारणेविषयीचा होता. आपला प्रश्न हव्या असलेल्या गर्भधारणेचा आहे. तरी मूळ मुद्दा एकच: मूल हा निर्णय असतो, औषध नव्हे.

६/
स्त्रीचे दुखणे ऐकून घ्यायलाच मुंबईत वेगळी संस्था लागली होती. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. ते खास स्त्रिया व मुलांसाठी होते आणि डॉक्टरही स्त्रियाच. त्याच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची बालविवाहाविरुद्ध जाहीरपणे बोलत. रखमाबाईंच्या खटल्यात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत त्या होत्या. रखमाबाई पुढे लंडनमध्ये डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर काही काळ कामामध्येच काम केले. लवकर लग्न, लवकर मूल हा स्त्रीच्या प्रकृतीवरचा उपाय नव्हे, हे या रुग्णालयाच्या पहिल्या पिढीला ठाऊक होते.

७/
आणि तरीही अर्ध्या शतकानंतर अगदी उलट सल्ला वैद्यकाच्या व्यासपीठावरून आला. १९४१ मध्ये बॉस्टनचे नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ जो व्हिन्सेंट मीग्ज यांनी एंडोमेट्रिओसिसचे महत्त्व सांगणारा लेख लिहिला. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: सुस्थितीतील कुटुंबांतल्या मुली उशिरा लग्न करतात, मुले लांबणीवर टाकतात, म्हणून हा आजार होतो. त्यावर उपाय लवकर लग्न व लवकर मुले.

८/
या तर्कातली गफलत पाहा. मीग्ज यांच्याकडे येणाऱ्या स्त्रिया पैसे मोजू शकणाऱ्या होत्या; म्हणून आजार पैसेवाल्यांचा ठरला. त्यांना मुले नव्हती, म्हणून मुले न होणे हे आजाराचे कारण ठरले. वास्तविक आजारामुळे मूल होत नसेल, ही शक्यता समोरच उभी होती. कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली आणि दोष स्त्रीच्या शिक्षणावर, नोकरीवर, उशिराच्या लग्नावर गेला.

९/
यातून दुसरे नुकसानही झाले. हा ‘सुखवस्तू गोऱ्या बाईंचा आजार’ मानल्यामुळे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या त्याच वेदनेला ओटीपोटातील जंतुसंसर्गाचे लेबल लागत राहिले. १९७६ मध्ये डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी दाखवून दिले, की संसर्गाचे निदान झालेल्या अशा स्त्रियांपैकी पाचातल्या एकीहून अधिक जणींना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस होता. डॉक्टर जे शोधतच नाही, ते त्याला सापडत नाही. आपल्याकडे क्षयरोगानेही गर्भनलिका बिघडतात, त्यामुळे दोन्ही शक्यता तपासणे इथे अधिकच गरजेचे.

१०/
मीग्ज यांच्या कल्पनेतूनच पुढचे औषध निघाले. गर्भारपणात पाळी थांबते, वेदना थांबते. मग गोळ्यांनी खोटे गर्भारपण आणले तर? १९५० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्याच रॉबर्ट किस्टनर यांनी हार्मोनच्या गोळ्या सलग देऊन हा प्रयोग केला. १९७० च्या दशकात डॅनाझोल आले. त्याने वेदना कमी होत, पण चेहऱ्यावर केस आणि आवाजात घोगरेपणा येऊ शके. आज डायनोजेस्टसारखी सौम्य औषधे आहेत. मात्र एक पेच तेव्हाही होता, आजही आहे. या गोळ्या चालू असेतो अंडोत्सर्ग दबलेला राहतो. वेदनेची वाट बंद करताना दिवस राहण्याची वाटही बंद होते.

११/
म्हणजे ज्या स्त्रीला मूल हवे आहे तिच्यासाठी गोळी हा तात्पुरता थांबा. उरते ती शस्त्रक्रिया. या क्षेत्रात मुंबईचे नाव मोठे होते. गोव्यातील शिरोडे येथे १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत स्त्रीरोगशास्त्र शिकवत. गर्भाशयमुखाला टाका घालून वारंवार होणारा गर्भपात रोखण्याची १९५५ ची त्यांची पद्धत आज जगभर ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखली जाते. बंद पडलेल्या गर्भनलिका उघडण्याच्या शस्त्रक्रियांवरही त्यांनी काम केले. त्या काळी नलिका दुरुस्त झाली नाही, तर दुसरे दार नव्हते. म्हणून पोट मोठे उघडण्याची जोखीम घेतली जाई.

१२/
मग दुर्बीण आली. पॅरिसमध्ये राउल पामर यांनी १९४० च्या दशकात ओटीपोटात दुर्बीण घालून पाहण्याचे तंत्र रुजवले. इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६७ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आता छोट्या छेदातून आजार दिसू लागला. भारतात मात्र या यंत्राची गाठ सामान्य स्त्रीशी पडली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत. आणीबाणीतील पुरुष नसबंदीच्या अनुभवानंतर भर स्त्रियांवर आला आणि दुर्बिणीने शिबिरांत गर्भनलिका बंद केल्या जाऊ लागल्या. मूल का होत नाही हे शोधू शकणारे यंत्र आपल्याकडे मूल होऊ नये म्हणून गावोगाव फिरले.

१३/
याच स्टेप्टोंच्या दुर्बिणीने पुढे अंडे टिपले. रॉबर्ट एडवर्ड्स यांच्यासह केलेल्या या कामातून २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउन जन्मली. अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

१४/
६ ऑगस्ट १९८६. परळचे केईएम रुग्णालय. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूने आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या सहकार्याने हर्षा चावडा जन्मली. देशातील पहिली शास्त्रीय नोंद असलेली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचे नाव झाले. पुढे १९९७ मध्ये मुखर्जींची कागदपत्रे पाहून पहिलेपणाचा मान त्यांचाच, हे जाहीरपणे सांगणारेही आनंद कुमारच. कामा रुग्णालय सुरू झाले त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

१५/
आपल्या प्रश्नासाठी या तारखेचे महत्त्व वेगळे आहे. आयव्हीएफमध्ये अंडे थेट अंडाशयातून काढतात, शरीराबाहेर फलन होते, भ्रूण गर्भाशयात सोडतात. गर्भनलिकेची गरजच पडत नाही. म्हणजे ‘आधी शस्त्रक्रिया, मगच मूल’ ही सक्ती संपली. शिरोडकरांच्या काळात शस्त्रक्रिया हे एकमेव दार होते. १९८६ नंतर ते दोनपैकी एक झाले. ‘आधी काय?’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे जन्मला.

१६/
उत्तरासाठी मोजमाप हवे होते. १९९७ मध्ये कॅनडातील चाचणी प्रसिद्ध झाली. सौम्य आजार आणि वंध्यत्व असलेल्या ३४१ स्त्रिया. दुर्बीण सर्वांच्या पोटात घातली. पण चिठ्ठी टाकावी तसे निवडून निम्म्यांचा आजार काढला, निम्म्यांचा नुसता पाहिला. ३६ आठवडे वाट पाहिली. वीस आठवड्यांपुढे टिकलेल्या गर्भधारणेचे प्रमाण आजार काढलेल्यांत ३०.७ टक्के, न काढलेल्यांत १७.७ टक्के. फायदा खरा, पण हिशेब करा: साधारण आठ शस्त्रक्रियांमागे एक जादा गर्भधारणा. दोन वर्षांनी इटलीतील एका लहान चाचणीत तर हा फरक दिसलाच नाही.

१७/
चॉकलेट सिस्टचे गणित आणखी गुंतागुंतीचे. १९९८ मधील इटलीच्या एका छोट्या चाचणीत सिस्टचे आवरण सोलून काढलेल्या स्त्रियांत गर्भधारणेचे प्रमाण, नुसती गाठ रिकामी करून जाळलेल्यांच्या तुलनेत, बरेच जास्त आढळले: ६६.७ टक्के विरुद्ध २३.५ टक्के. म्हणजे काढायचीच तर नीट काढावी. पण आवरणाला चिकटून निरोगी अंडाशयही निघते. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अशा शस्त्रक्रियेनंतर एएमएच, म्हणजे अंड्यांच्या शिल्लक साठ्याचा निर्देशक, सरासरी ३८ टक्क्यांनी घटलेला दिसला. पेरणीआधी रान साफ करताना बियाण्याची पोतीही हलकी व्हावी, तसे हे.

१८/
‘माझा आजार चौथ्या टप्प्याचा आहे, म्हणजे आशा नाही का?’ हा प्रश्नही इतिहासात तपासता येतो. अमेरिकेतील प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने १९७९ मध्ये टप्प्यांची पद्धत आणली आणि पुढे सुधारली. पण टप्पा आणि वेदना यांचा मेळ बसत नाही; टप्पा आणि गर्भधारणा यांचाही फारसा नाही. म्हणून २०१० मध्ये ॲडमसन आणि पास्ता यांनी शून्य ते दहा गुणांचा निर्देशांक मांडला. त्यात वय, किती वर्षे मूल नाही, पूर्वी दिवस राहिले होते का आणि शस्त्रक्रियेच्या शेवटी नलिका व अंडाशय कितपत काम करू शकतील, हे सारे धरले जाते. वाईट दिसणाऱ्या आजारातही चांगले गुण मिळू शकतात.

१९/
या सगळ्याचा सारांश २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत आहे. सौम्य आजारात शस्त्रक्रिया हा पर्याय देता येतो. नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता वाढावी म्हणून सिस्ट काढण्याचा विचार करता येतो. मात्र केवळ आयव्हीएफचे यश वाढावे म्हणून त्याआधी सरसकट सिस्ट काढू नये. वेदना असेल किंवा अंड्यांपर्यंत सुई पोचत नसेल, तर गोष्ट वेगळी. दिवस राहावेत म्हणून हार्मोन दाबणारी औषधे देऊ नयेत. आणि एक वाक्य असे, की केवळ आजार बरा व्हावा म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. मीग्ज यांचा सल्ला अशा रीतीने ८१ वर्षांनी लेखी मागे घेतला गेला.

२०/
उपनगरांतील घरांत तो अजून मागे घेतलेला नाही. ही उपनगरे बृहन्मुंबईत आली १९५० आणि १९५७ मध्ये. बोरिवली आणि मुलुंड दुसऱ्या टप्प्यात. गिरगाव-परळच्या चाळींतून मराठी मध्यमवर्ग इकडे सरकला. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, पाळीच्या दुसऱ्या दिवशीही ८.१२ ची लोकल पकडून उभ्याने प्रवास करू लागल्या. वेदना सहन करणे हे कर्तबगारीचे लक्षण ठरले. त्यामुळे निदान होते ते बहुधा मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर. तोवर पंधरा वर्षे गेलेली असतात, आणि मग उपचार वेदनेवर करायचा की वंध्यत्वावर, अशी ओढाताण सुरू होते.

२१/
पैशाचीही एक बाजू आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित वगळणुकींत वंध्यत्वावरील उपचार हा स्वतंत्र मुद्दा आहे. सिस्टची शस्त्रक्रिया प्रतीक्षाकाळ संपल्यावर पॉलिसीत बसू शकते. आयव्हीएफ, काही पॉलिसींचा अपवाद वगळता, बसत नाही. म्हणजे वैद्यकीय तराजूच्या एका पारड्यात घराच्या हप्त्याचे वजन आधीच पडलेले असते. ते आहे हे ओळखावे, एवढे तरी करता येते. २०२४ मध्ये कामा रुग्णालयात सरकारी आयव्हीएफ केंद्र सुरू झाले. खासगी केंद्रांच्या पाट्यांनी भरलेल्या या शहरात त्याचे मोल मोठे आहे.

२२/
मग आज निवड कशी करायची? इतिहास पाच प्रश्न हाती देतो. वेदना रोजचे जगणे अडवते का? वय किती आणि अंड्यांचा साठा किती? नलिका मोकळ्या आहेत का, आणि पतीची वीर्यतपासणी झाली आहे का? अंडाशयावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का? सोनोग्राफीत गाठ संशयास्पद वाटते का, आतडे किंवा मूत्रवाहिनी आजाराने आवळली आहे का? यातला तिसरा प्रश्न आपल्याकडे सर्वांत उशिरा विचारला जातो. बायकोच्या पोटात दुर्बीण जाते तरी नवऱ्याची साधी तपासणी राहिलेली असते.

२३/
वेदना तीव्र, वय कमी, साठा चांगला, नलिका व वीर्य ठीक: अनुभवी हातून एकदाच नीट शस्त्रक्रिया आणि लगेच प्रयत्न, ही वाट रास्त. वेदना सोसण्याजोगी, वय पस्तिशीपुढे, साठा कमी, किंवा अंडाशय आधीच एकदा सोललेले: बहुधा आयव्हीएफ आधी. आतडे किंवा मूत्रवाहिनी आवळलेली असेल, गाठ संशयास्पद असेल, तर शस्त्रक्रियेचा प्रश्न मुलापुरता राहत नाही. मधल्या छटा पुष्कळ. त्या आपल्या डॉक्टरांसमोर अहवाल ठेवूनच ठरतात. शस्त्रक्रियेआधी एएमएच तपासला आहे का, आणि सोललेल्या बाजूचा साठा किती घटेल, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

२४/
आणखी एक शक्यता या इतिहासात फार उशिरा आली: आत्ता मूलच नको असणे. अशा स्त्रीच्या वेदनेवर उपचार व्हायलाच हवेत. त्यासाठी तिला आधी बायको, मग आई होण्याची अट नाही. आणि जिला मूल हवे आहे तिला ते मूल म्हणून हवे असते, पोटदुखीवरचा उतारा म्हणून नव्हे. बाळंतपणानंतर अनेकींचे दुखणे परतते. तेव्हा ‘आता तर मूलही झाले’ असे ऐकवले जाते आणि ती पुन्हा एकटी पडते.

२५/
१९४१ चा सल्ला देणारे डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांच्या हाती होती तेवढी माहिती आणि त्यांच्या काळाचे होते तेवढे पूर्वग्रह. आज माहिती बदलली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते वाक्य मायेनेच उच्चारलेले असते, हेही खरे. पुढच्या वेळी ते ऐकू आले, तर वाद न घालता एवढेच सांगावे, की ज्यांनी ते सांगितले त्यांच्याच शास्त्राने ते मागे घेतले आहे. आणि मग तिला विचारावे, तुला काय हवे आहे. धागा समाप्त.